बर्फातली साखळी यार्डातच शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काश्मीरच्या महामार्गावर बर्फामुळे ट्रक अडकल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. त्यांतल्या काही गाड्यांवर एमएच-१५ ची, म्हणजे आपल्या नाशिकची पाटी असते, म्हणून हे पत्र.

पिंपळगावहून द्राक्षं भरून मी १८ वर्षं श्रीनगरला गेलो. पहिल्या खेपेला मालकाने दोन ब्लँकेटं दिली होती, बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवतात ती साखळी नव्हती. बनिहालला संध्याकाळी बर्फ सुरू झाला, पुढे जवाहर बोगद्याचा चढ. रस्त्याकडेच्या दुकानदाराने साखळीचा सांगितला तो भाव निमूट मोजला आणि बर्फात गुडघे टेकून गुंता सोडवत बसलो. बोटं अशी बधिर की हूक अडकला की नाही हे हाताला कळेना. क्लीनर बॅटरी धरून सांगत होता.

खरं तर काम अवघड नाही. मागच्या, इंजिनाचा जोर लागणाऱ्या चाकांपुढे साखळी सरळ पसरायची, गाडी हळूच तिच्यावर घ्यायची, आधी आतला हूक, मग बाहेरचा. चुकतं ते पुढे. अर्धा-एक किलोमीटर गेल्यावर खाली उतरून साखळी पुन्हा ताणावी लागते, आणि थंडीत केबिन सोडायला कोण तयार असतं? ढिली साखळी मडगार्ड फोडते, ब्रेकचा पाइप तोडते. काटा ३० च्या वर जाऊ द्यायचा नाही. कोरडं डांबर लागलं की साखळी काढायची. बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ पासून झाला, जुना चढ वाचला. पण आत रस्ता कोरडा. कंटाळा करून साखळीसकट शिरलात तर कड्या तुटतात आणि टायरही कापतात. शिवाय साखळी आहे म्हणून उतारावर ब्रेक दाबत सुटू नये. येताना गाडी रिकामी असेल तर ती जास्तच घसरते.

हे सगळं आमची पोरं तिथे, रात्री, अनोळखी माणसाला विचारून शिकतात. मालकांनी टायरच्या मापाची साखळी इथूनच गाडीत टाकावी आणि निघण्याआधी दोनदा चढवून-उतरवून घ्यावी. ऊन असताना, कोरड्या हातांनी.

माझी जुनी साखळी अजून घरात आहे, थोडी गंजली आहे. कोणी बोलावलं तर घेऊन यार्डात येतो. चहाचं तेवढं बघा.

एक निवृत्त ट्रकचालक,
पिंपळगाव बसवंत