मायक्रोस्कोपवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव गाईडच्या लगेच खाली आहे. टेक्निशियन मंडळींना शेवटी टाकायची पद्धत असते, असं मला सुचवलं गेलं. मी ऐकलं नाही. पण तुमचे उपकार एका ओळीत मावत नाहीत, म्हणून हे उघड पत्र.

क्षयाच्या जंतूला मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी गिळतात, पण तो आत गेल्यावर स्वतःभोवतीची पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जुळूच देत नाही, म्हणून पचत नाही. बीसीजीवर, म्हणजे क्षयाच्या लशीतल्या सौम्य जंतूवर, मी तेच बघत होते. जंतू हिरवे, लायसोसोम लाल, दोन्ही एका जागी आले की पिवळं. आणि माझ्या इमेजेसमध्ये जिकडेतिकडे पिवळंच, म्हणजे जंतू लायसोसोममध्येच! आधी जिथे स्कॅनिंग करायचे तिथे कितीदा विचारलं, हे खरं असेल का? "इमेज छान आलीये, टाका थीसिसमध्ये. स्लॉट संपला." तासाचे पैसे मात्र चोख घेतले. जेमतेम दोन-चार मायक्रॉनच्या जंतूवर माझी सगळी पीएचडी उभी होती, आणि स्क्रीनकडे नीट बघायला तिथे कुणाला सवड नव्हती.

तुम्ही बघितलंत. खोलीत बाकीची मुलं होती तोवर काही बोलला नाहीत. ती गेल्यावर दार लोटलंत आणि फक्त हिरव्या जंतूंची, लाल रंग न लावलेली स्लाईड कॉन्फोकलखाली, म्हणजे त्या लेसरच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलीत. सेटिंग तेच. तरी लाल चॅनलमध्ये जंतू लख्ख! मग हिरव्याला उजळवणारा ४८८ नॅनोमीटरचा लेसर बंद करून लाल चॅनल वेगळा स्कॅन केलात, आणि ते सगळे ठिपके गेले. "हिरव्याचा उजेड लालमध्ये सांडतोय. घाबरू नका ताई, सॅम्पल चांगलं आहे, परत स्कॅन करू."

चारचौघांत सांगितलं असतंत तरी मी ऐकलंच असतं. पण ते दार लोटणं मी जन्मात विसरणार नाही. हुशार माणसं या क्षेत्रात पैशाला पासरी आहेत. समोरच्याचा चेहरा पडणार नाही, एवढं जपून शिकवणारी फार थोडी, आणि संशोधन त्यांच्याच जिवावर चालतं असं मला मनापासून वाटतं.

फिजी या इमेज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणी करतानाही फाईलींची नावं तुम्हीच बदलून दिलीत, कुठली इमेज कुठल्या गटातली ते मला कळू नये म्हणून. पिवळं बरंच कमी भरलं. जंतू लायसोसोमपासून लांबच होते.

आता लॅबमध्ये नवीन मुलगी आली की मी आधी तिला एकाच रंगाची स्लाईड करायला लावते. का, असं विचारलं की तुमचं नाव सांगते.

तुमची,
एक विद्यार्थिनी