भाडं कॅरेटवर, दणका कमरेवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गतिरोधक दिसला की पिकअपवाले एका बाजूची चाकं साईडपट्टीवर घालतात आणि पायी चालणाऱ्यांच्या अंगावर येतात, अशी तक्रार करणारं वाचकाचं पत्र आपल्या दैनिकात वाचलं. तक्रार खरी आहे. मी नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारा पिकअपमालक, गाडी स्वतःच चालवतो. माझ्या व्यवसायबंधूंची बाजू घ्यायला हे पत्र नाही. पण ड्रायव्हर असं का करतो, हेही कुणी लिहायला हवं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्या वाटेवरच्या गावांत अपघात झाला की दुसऱ्या दिवशी डांबराचा एक बांध घातलेला दिसतो. हातभर रुंद, वर कुबड, पट्टे नाहीत की आधी फलक नाही. त्यावरून कारवाला पहिल्या गिअरमध्ये कसाबसा निघतो. रिकामी पिकअप पहिल्या गिअरमध्येही आदळते. दोन्ही चाकं एकदम चढण्यापेक्षा एकच चढलं तर दणका निम्मा बसतो, म्हणून पिकअपवाला साईडपट्टी धरतो. चूक आहे, पण मस्ती नाही.

रिकामी गाडी जास्त आदळते याचं अनेकांना नवल वाटतं. पिकअपच्या मागच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, एकावर एक रचलेले लोखंडी पाटे भरल्या मालाच्या हिशेबाने बनवलेले असतात. दीड-पावणेदोन टन पेलायचे तर ते ताठ हवेतच. वर माल नसला की हे पाटे दबतच नाहीत. खड्डा सरळ चासीत, चासीतून सीटमध्ये, सीटमधून मणक्यात. वाशीहून येताना आमच्याकडे फक्त रिकामी कॅरेटं असतात. माळशेज चढून वर आलं की जाताना झुलत गेलेली तीच गाडी उडायला लागते. इथपर्यंत दोष कुणाचाच नाही. ओझ्याची गाडी आहे, तिच्याकडून मोटारीचा मऊपणा मागू नये.

त्यापुढचा त्रास मात्र आपण विकत घेतलेला आहे. आमच्याकडे भाडं ठरतं कॅरेटमागे. वीस किलो मालाचं कॅरेट, प्लास्टिक धरून बाविसेक किलो. १.७ टन क्षमतेच्या गाडीत हिशेबाने पंचाहत्तर-सत्त्याहत्तर बसतात. हंगामात शंभराच्या वर लावतात, कारण शेजारचा लावतो आणि व्यापारी त्यालाच बोलावतो. पकडलं तर २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी लावतात.

मग गाडी मागून बसते. बसली की पाटेवाल्याकडे जायचं आणि दोन पाटे वाढवून घ्यायचे. पाटेवाला विचारतही नाही, मापाचे पाटे त्याच्याकडे तयारच असतात. गाडी भरल्यावर ताठ उभी राहते, मालक खूश. पण रिकामी आल्यावर ती गाडी राहत नाही, लोखंडी पाट होतो. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, चासी तीच. वाढली फक्त ओझं उचलायची हिंमत. आणखी एक गोष्ट बऱ्याच मालकांना ठाऊक नसते. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपाशी एक दांडी जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली यावरून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून गाडी उंच केली की त्याला वाटतं माल कमी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. हा प्रकार माळशेजच्या उतारावर, भरल्या गाडीत! उलट टोकाचेही काही जण आहेत, ते मऊपणासाठी आहे त्यातला पाटा काढून टाकतात. भरली गाडी मग वळणावर अशी कलते की मागच्याने ब्रेक मारावा.

मी पावसाळा संपल्यावर कंपनीच्या मापाचेच पाटे ठेवून कमान फक्त उतरवून घेतली. कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सुटले, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट निघाला आणि पाटे एकमेकांपासून वेगळे झाले, तर मधून ओंजळभर गंजाची भुकटी पडली. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्याच्या पोटात नखभर खाच पाडली होती. पाटे एकमेकांवर सरकले तर कमान लवचीक. गंजून चिकटले की सगळे मिळून एकच जाड लोखंड. लहान खड्डा त्याला कळतच नाही, तो थेट आपल्याला कळतो. खाच पडलेला पाटा बदलला, बाकीचे तारेच्या ब्रशने घासून ग्राफाईट ग्रीस लावलं, टोकांना नायलॉनच्या चकत्या घातल्या. कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश चेपून अंडाकृती झाले होते, तेही बदलले. थोडी गाडी चालल्यावर यू-बोल्ट परत आवळून घ्यावे लागतात. हे पाटेवाला सांगतो, आपण जात नाही.

धक्के जिरवणारा शॉकअप चालू आहे की नाही, हे ओळखायची युक्ती जुन्या मिस्त्रीने शिकवली. खराब रस्त्यावरून गाडी आणून उभी करायची आणि लगेच शॉकअपला हात लावायचा. काम करत असेल तर गरम लागतो. थंडगार असेल तर तो नुसता लटकतोय. माझा डावीकडचा थंड होता.

आणि हवा. दारापाशी कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. हवा भरणारा गडी मात्र दोन्हीला एकच आकडा मारतो, तोही भरल्या गाडीचा. वाशीला माल उतरवल्यावर मागची हवा स्टिकरप्रमाणे उतरवायची आणि माल भरण्याआधी परत चढवायची, एवढ्याने परतीचा रस्ता निम्मा सुधारतो. कंटाळा करून भरल्या गाडीला कमी हवा ठेवू नये, टायर तापून फुटतो.

फरक मला कमरेत कळलाच, पण व्यापाऱ्यालाही कळला. वाशीला गाडी लागली की तो आधी फाळक्याजवळचं वरचं कॅरेट उपसून बघतो. ॲक्सलच्या मागे लोंबणारा भाग सगळ्यात जास्त उडतो आणि तिथलाच माल आधी डागी निघतो. आता त्या कॅरेटवरून भाव पाडायची सोय त्याला राहिली नाही. सीटवर जेलची गादी, कमरेला पट्टा, असल्या गोष्टींत पैसे घालणाऱ्यांनी आधी गाडीखाली डोकावावं.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, चांगलं झालं. पण तो नियम गाडी-माल मिळून साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. आमच्या बहुतेक पिकअप त्या आकड्याच्या आतच बसवलेल्या असतात. ट्रकवाल्याइतकेच तास आम्हीही स्टिअरिंगवर असतो. एसी राहू द्या, टोकाकडे निमुळते होत जाणारे, मधे एकमेकांना न घासणारे पॅराबोलिक पाटे आणि धक्का पचवणारं ड्रायव्हर सीट पिकअपला द्या. किमतीत धरा, आम्ही देऊ.

राहता राहिला कॅरेटचा हिशेब. तो आमच्यातला एकटा-दुकटा बदलू शकत नाही, कमी लावणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोनच येत नाही. बाजार समितीने गेटवर भरलेली गाडी भुईकाट्यावर घ्यावी, क्षमतेच्या वरच्या गाडीला गेटपास देऊ नये आणि भाडं कॅरेटमागे न ठरवता खेपेमागे ठरवावं. उन्हाळी टोमॅटोची आवक सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे. एकदा आवक वाढली की गेटवर कुणालाच थांबायला वेळ नसतो.

आपला,
एक पिकअपमालक, ता. जुन्नर, जि. पुणे