मेडिकेडची अट पुढे ढकलाच

संपादक महोदय, अमेरिकेतल्या मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नव्या अटींवरचा तुमचा लेख वाचला, आणि त्यातलं 'आता मुदत वाढवून काय साधणार' हे म्हणणं काही पटलं नाही. विमा टिकवायला महिन्याला ८० तास काम दाखवायची अट १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायचीय, पण खरा घोळ कामाचा नाहीच, तो सिद्ध करण्याचा आहे. अर्कान्सास राज्यात २०१८ साली हेच करून बघितलं, तास फक्त ऑनलाइन भरायचे आणि ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद, म्हणजे दिवसभर राबणाऱ्याने भरायचं तरी कधी? काही महिन्यांतच १८ हजारांवर लोकांचा विमा गेला, रोजगार मात्र वाढला नाही, शेवटी २०१९ मध्ये कोर्टाने ते थांबवलं. आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नियम लांबणीवर टाकणं काही नवीन नाही, २००८ मध्ये बुश सरकारचे मेडिकेडचे सहा नियम कायदा करून एप्रिल २००९ पर्यंत रोखलेच होते की. राज्यांच्या सिस्टीम नीट तयार होऊन तपासल्या जाईपर्यंत तरी ही अट थांबवावी, कारण मधल्या काळात इन्सुलिन बंद पडलेल्या माणसाला नंतर विमा परत मिळून काय उपयोग.

– एक वाचक