जे तुला तेव्हाच सांगायला हवे होते

नगर,
आगमनकाळाचा पहिला रविवार

चि. ताईस,
आईचे अनेक आशीर्वाद आणि जय ख्रिस्त.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. नाताळाला घरी येणार नाहीस, कारण घरी आले की चर्चला यावे लागेल आणि तिथे सगळ्यांबरोबर उभे राहून तुला खोटे गाता येणार नाही, असे तू लिहिले आहेस. पप्पांनी पत्र दोनदा वाचले आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिले. फोनवर हे बोलणे मला जमले नसते. आज उपासनेहून आल्याबरोबर लिहायला बसले आहे.

गाण्याच्या गोष्टीने मला वाईट वाटले, पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच एका वाक्याने. शेवटच्या पानावर, सही करण्याच्या आधी, तू लिहिले आहेस की तुझी बोन मॅरो जुळली असती तर तुझा धाकटा भाऊ, आपला बाबू, आज असता. म्हणजे तो गेल्यापासून सव्वा वर्ष हे मनात ठेवून तू बारावीची परीक्षा दिलीस, मिरजेला जाऊन नर्सिंगचा अभ्यास सुरू केलास, आणि तुझ्या आईला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते, चर्चचे नंतर.

बाबूचा रक्ताचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची, मेंटेनन्सची औषधे सुरू होऊन दहा महिने झाले होते. त्याचे केस परत आले होते, शाळेत जायचे नक्की झाले होते, आणि एका नेहमीच्या तपासणीत रक्तपेशींचा काउंट बिघडलेला निघाला. रिलॅप्स, म्हणजे आजार उलटला, असे म्हटल्यावर मुंबईला टाटा हॉस्पिटलात तुझे, पप्पांचे आणि माझे रक्त घेतले, एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणा, त्याच्याशी जुळतात का हे पाहण्यासाठी. तू अकरावीत होतीस. मूल अर्धे आईकडून आणि अर्धे बापाकडून घेते, म्हणून सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. हे तुला आता पुस्तकात भेटले असेल. तुझे जुळले नाही. त्यात तुझ्या हातचे काहीच नव्हते. मी आणि पप्पांनी तुम्हा दोघांना वेगवेगळे अर्धे दिले, एवढेच.

पण तुला जे माहीत नाही ते पुढे आहे. त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावले. दुसऱ्याची बोन मॅरो देऊन प्रत्यारोपण करायचे तर आधी केमोने आजार आटोक्यात यावा लागतो, मॅरोतल्या वाईट पेशी जवळजवळ नाहीशा व्हाव्या लागतात, आणि दुसऱ्यांदा दिलेल्या जोरदार औषधांनीही त्या हटल्या नव्हत्या. पप्पांनी विचारले की माझे अर्धे जुळते, आजकाल अर्ध्या जुळणीवरही करतात ना? त्या म्हणाल्या, करतो, पण या परिस्थितीत करून उपयोग होणार नाही. ताई, हे नीट वाच. दाता मिळाला नाही म्हणून प्रत्यारोपण अडले नाही. आजार मागे हटला नाही म्हणून ते झाले नाही. तुझे पूर्ण जुळले असते तरी त्या दिवशी त्या खोलीत आम्हाला हेच ऐकावे लागले असते.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तू बाकावर बसली होतीस, मांडीवर बाबूची फाइल आणि त्याची निळी टोपी. तू मान वर करून पाहिलेस, आणि मी म्हणाले, ‘चल, डबा खाऊन घेऊ.’ तुला सांगायचे राहून गेले असे लिहिले तर ते खोटे होईल. तुला सांगायला हवे, हे आमच्या ध्यानातच आले नाही. त्या सव्वादोन वर्षांत आम्ही एकाच मुलाचे आईबाप होतो. दहावीला तुला किती टक्के पडले हे मला आजीकडून कळले, आणि कळल्यावर मी काय म्हणाले हेही मला आठवत नाही. तू कधी तक्रार केली नाहीस, आणि मी ते तुझे शहाणपण समजत राहिले. या गोष्टीची मी प्रभूजवळ पुष्कळदा क्षमा मागितली. तुझ्याजवळ आज पहिल्यांदा मागते आहे.

तिकडचे दिवस आम्ही तुला कधी सांगितले नाहीत, म्हणून त्यातले थोडे सांगते. पहिल्या महिन्यात स्टिरॉइडमुळे त्याला अशी भूक लागायची की रात्री दोन वाजता उठून तो वरणभात मागायचा. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आम्ही राहत होतो. शेजारी परभणीकडची एक बाई होती, गळ्यात तुळशीची माळ, मुलाला बाबूचाच आजार. माझ्या आधी तिला जाग यायची. तिच्या ओठांवर विठ्ठलाचे नाव आणि माझ्या मनात प्रभूचे, आणि मधे एकच स्टो. बाबू भिंतीला टेकून पहिला घास तोंडात घालायचा तेव्हा डोळे मिटून घ्यायचा, इतके समाधान त्या साध्या वरणात होते. त्याचे गाल सुजून गोल झाले होते, आणि त्या रात्री मी त्या गालांकडे पाहून आनंदी होते, हे तुला माहीत असावे असे मला वाटते.

तिचा मुलगा बरा झाला. या आजाराची पुष्कळ मुले आज बरी होतात, आणि म्हणूनच ते अधिक लागते. बाबूला माती दिल्यावर पाचव्या दिवशी ती रात्रभर एसटीने प्रवास करून आपल्याकडे आली होती, तुला आठवत असेल. तिने मला एक शब्दही समजावला नाही. स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबिरीची जुडी निवडायला घेतली, संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसली आणि गेली. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. ते चुकले ते तोंड उघडल्यावर.

तोंड उघडणारे आपल्याकडेही आले, आणि त्यांच्यातल्या एकाचे बोलणे तुझ्या मनात रुतून बसले आहे हे मला तुझ्या पत्रावरून कळले. विश्वास कमी पडला म्हणून मूल गेले, असे तो आपल्याच ओसरीवर बसून म्हणाला होता. मी तेव्हा गप्प राहिले, कारण मला ते खरे वाटण्याची भीती होती. आज मी गप्प राहणार नाही. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने पालथे पडून मागितले होते की हा प्याला माझ्यापासून टळू दे, आणि तो टळला नाही. देवाच्या पुत्राचीच विनंती मान्य झाली नाही. त्याचा विश्वास कमी होता असे म्हणायला कुणी धजेल का? मग नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला आणि बहिणीला ते कुणी का म्हणावे?

आणि तू म्हणतेस की तुला प्रार्थना करता येत नाही, कारण डोळे मिटले की एवढेच येते, ‘तू कुठे होतास?’ ताई, हे शब्द तुझ्या आधी दोन बहिणींनी म्हटले आहेत. बेथानीची मार्था आणि मरीया. लाजर आजारी आहे असा निरोप मिळूनही प्रभू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि आला तेव्हा भाऊ चार दिवस कबरेत होता. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, हे आधी एकीने त्याच्या तोंडावर म्हटले, मग दुसरीने. त्याने दोघींपैकी एकीलाही दटावले नाही. तक्रार खरीच होती, तो उशिराच आला होता. थोड्या वेळाने आपण लाजराला उठवणार आहोत हे माहीत असूनही तो त्या लोकांमध्ये उभा राहून रडला. लहानपणापासून हा भाग मी ऐकत आले, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवला, आणि तो दोन बहिणींचा आहे हे मला तुझे पत्र वाचताना पहिल्यांदा दिसले.

लाजर उठला, आपला बाबू उठला नाही. हे मी टाळून पुढे जाणार नाही. यासाठी माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याजवळ फार वेळ बसणे मला आता जमत नाही. माझ्याजवळ आहे ते एक वचन आहे. दर रविवारी आपण उभे राहून विश्वासाची कबुली देतो, तिच्यात देहाच्या पुनरुत्थानाचे शब्द येतात. पूर्वी ते मी भराभर म्हणून मोकळी व्हायचे. आता तिथे माझा आवाज थांबतो, कारण मला तोच देह हवा आहे, पाठीत सुया टोचून घेताना गुडघे पोटाशी घेऊन माझे बोट घट्ट धरणारा. नुसता आत्मा सुखात आहे असे ऐकून माझे समाधान होत नाही, आणि आपल्या विश्वासात तेवढ्यावर समाधान मानायला सांगितलेलेही नाही.

आता माझीही एक गोष्ट, जी पप्पांनाही ठाऊक नाही. शेवटच्या आठवड्यात आपण त्याला घरी आणले होते आणि मी गजर लावून दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी देत होते. त्यातल्या एका रात्री मंडळीतल्या बाया अंगणात उपवास-प्रार्थनेला बसल्या होत्या आणि त्याला बरे करावे म्हणून रडून मागत होत्या. तू त्याचे पाय मांडीवर घेऊन आत बसली होतीस. मी त्याच्या उशाशी बसून नेमके उलटे मागत होते. प्रभू, आता याला घेऊन जा, आजच घेऊन जा. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. माझी प्रार्थना ऐकली गेली असे मी म्हणत नाही, कारण मग अंगणातल्या बायांची ऐकली गेली नाही असे म्हणावे लागेल, आणि असा हिशेब मला मांडायचा नाही. पण आपणच आपल्या लेकराचे मरण मागितले, हे घेऊन मी इतके महिने प्रभुभोजनाला गुडघे टेकते आहे. तेव्हा तुला वाटते तशी मी भक्कम नाही, आणि मी खोटे गाते असेही नाही. काही रविवारी मी ओठ मिटून उभी असते आणि शेजारच्या बाया माझ्या वाटणीचे गातात.

आजी तुला केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, आणि सांगताना त्यांचा विश्वास कसा अढळ होता तेच सांगते. तिची आजी दुष्काळात रमाबाईंनी तिथे आणलेल्या मुलींपैकी, म्हणून तो अभिमान साहजिक आहे. पण मी आता त्यांच्या शेवटच्या तारखांकडे वेगळ्या नजरेने बघते. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मधे नऊ महिनेसुद्धा पुरे झाले नाहीत. बायबलचे भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही हे खरे आहे. दुःखानेच त्या गेल्या असेही मी म्हणणार नाही, प्रकृती आधीच खालावली होती. पण त्या नऊ महिन्यांतल्या रात्रींबद्दल आपल्याला कुणी सांगत नाही, आणि अढळ हा शब्द आपण दुसऱ्याच्या दुःखाला फार लवकर लावतो, असे मला वाटते.

पप्पांबद्दल तू विचारले आहेस. ते बोलत नाहीत. दर शनिवारी बाबूची सायकल अंगणात काढतात, साखळीला तेल घालतात, चाकात हवा भरतात, दोन्ही ब्रेक दाबून बघतात आणि परत आत नेऊन ठेवतात. पहिल्यांदा मी म्हणाले होते की ती कुणातरी मुलाला देऊन टाकू. परत म्हणाले नाही.

आणखी एक. इंजेक्शनच्या बाटल्यांवरची रंगीत टोपणे बाबू सिस्टरांकडून मागून घ्यायचा आणि लोणच्याच्या बरणीत साठवायचा, लाल, निळी, हिरवी, पिवळी. त्यांचे चित्र करायचे आहे, ते ताईबरोबर करणार, असे सगळ्यांना सांगायचा. तुझ्या हातूनही ती टोपणे आता रोज निघत असतील. बरणी तुझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे आणि मी ती उघडलेली नाही.

नाताळाला ये. त्या सकाळी पप्पा आणि आजी चर्चला जातील आणि मी तुझ्याबरोबर घरी थांबेन. पाळकसाहेबांना मी तसे सांगून ठेवले आहे आणि त्यांनी नुसती मान हलवली. ऊन चढण्याआधी आपण दोघी दफनभूमीत जाऊन येऊ. तिथे काही गावे लागत नाही. सुट्टी कधी लागते ते कळव, पप्पा स्टँडवर घ्यायला येतील.

तुझी,
आई