दुसऱ्याच्या शेतातली हक्काची वाट

चेल्टनहॅम, ग्लॉस्टरशर, इंग्लंड
१० मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी फोनवर विचारलं होतं, "तिकडे पायी फिरायला काही आहे का, की नुसत्या मोटारी?" फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. मे अखेरीस तुम्ही याल तेव्हा इथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. चहा-नाश्ता निवांत उरकून निघालं तरी दिवस पुरून उरतो.

पहिली गोष्ट बाबांना नवलाची वाटेल. इथल्या पायवाटा सरळ लोकांच्या शेतांतून जातात आणि त्यांवरून चालायचा हक्क सगळ्यांना असतो. शेत मालकाचं, वाट सगळ्यांची. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. त्या नकाशात वाट चढली की ती मोडायची सोय मालकाला राहत नाही. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, कोणाची परवानगी न घेता, विनाअडथळा चालत आले असतील, तर तीही हक्काची मानली जाते. आपल्या १८८२ च्या ईझमेंट कायद्यातही, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या कायद्यातही, वीसच वर्षं आहेत. वहिवाटीवरून आपल्याकडे भावाभावांत पिढ्यान् पिढ्या अबोला राहतो, तेव्हा ही व्यवस्था बाबांनी डोळ्यांनी बघावी असं मला फार वाटतं.

वाट भर शेतातून आडवी जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण पेरणीची तयारी करताना पहिल्यांदा नांगर घातल्यापासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. बांधाकडेची वाट मात्र नांगरायचीच नाही आणि ती दीड मीटर हवी. मे महिन्यात रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातलं पिवळं पीक छातीपर्यंत येतं आणि वाट कधी कधी त्यात बुडते. अशा वेळी बाबा सवयीने बांधावरून वळसा घालायला जातील, कारण उभ्या पिकात पाय घालायचा नाही हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. इथे उलटं आहे. वाटेच्या रेषेवरून पिकातून चालायचा हक्क आहे, पण बांध वाटेत धरलेला नसेल तर त्यावर तो नाही. म्हणून एकामागे एक, वाटेची रेषा धरून पलीकडे जायचं. सकाळी दहाच्या आत मात्र अशा शेतात शिरू नका. दवाने कंबरेपर्यंत भिजायला होतं आणि पाकळ्या कपड्यांना चिकटतात.

वाट ओळखायची खुणेवरून. फाटकावर किंवा खांबावर हाताच्या तळव्याएवढी गोल चकती असते आणि तिच्यावर बाण. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही येतात. जांभळ्यावर त्यांच्या जोडीला घोडागाड्या आणि लालवर मोटारीसुद्धा. बाण ज्या कोनात लावलाय त्याच कोनात शेत ओलांडायचं असतं, आणि चूक नेमकी इथेच होते. समोर ट्रॅक्टरची ठसठशीत चाकोरी दिसते, माणूस तिच्यामागे जातो आणि शेताच्या भलत्याच कोपऱ्यात पोचतो. बाण बघितला की आधी थांबायचं, त्या दिशेला पलीकडच्या कुंपणात फट किंवा खांब दिसतो का ते बघायचं, मग पाऊल टाकायचं. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा, एक्सप्लोरर ओएल ४५. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हिरव्या आखूड रेघांची ओळ म्हणजे हक्काची पायवाट. काळी तुटक रेघ नुसती वाट असल्याचं सांगते, हक्काचं नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

तुमच्यासाठी बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावाची वाट मनात आहे. चेल्टनहॅमहून ८०१ नंबरची बस थेट जाते. रविवारी बस कमी, म्हणून आपण मधल्या वारी जाऊ, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच बघून ठेवू. बोर्टनमधून विंडरश नदी घोट्याएवढ्या पाण्याने वाहते आणि तिच्यावर बुटके दगडी पूल आहेत. तिथे गर्दी खूप. पण गावातून उत्तरेला निघून फॉस वे हा रस्ता ओलांडला की दहा मिनिटांत ती मागे पडते. हा रोमनांनी आखलेला रस्ता सुतासारखा सरळ आहे, त्यामुळे गाड्या भरधाव येतात. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने जातात, तेव्हा आधी उजवीकडे बघायचं हे आईला वेगळं सांगायला नको.

तिथून लोअर स्लॉटर साधारण दोन किलोमीटर. नावावरून दचकू नका. कत्तलीशी त्याचा संबंध नाही. चिखलाची, पाणथळ जागा अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आलं असं मानतात. वाट बरीचशी पक्की आणि सपाट. आय नावाची ओढ्याएवढी नदी घरांच्या उंबऱ्यालगत वाहते, आणि टोकाला जुनी पाणचक्की आहे. सगळं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं आणि चक्कीचं धुराडं तेवढं लाल विटांचं, त्यामुळे चुकायची भीती नाही. चक्कीपाशी आईने ठरवावं. गुडघा कुरकुरत असेल तर तिथूनच परत फिरायचं. जाऊन-येऊन चार किलोमीटर होतात आणि तेवढंही पुष्कळ आहे.

पुढे अपर स्लॉटरपर्यंत आणखी दीडेक किलोमीटर शेतांतून, हलक्या चढाने. तिथे ओढ्यात गाड्यांसाठी उथळ उतार आहे आणि बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी साकव. चौकातल्या घरांची पुनर्रचना १९०६ मध्ये एडविन ल्युटेन्सने केली, पुढे नवी दिल्ली उभारणाऱ्या त्याच ल्युटेन्सने. दोन्ही महायुद्धांत या गावातून गेलेले सगळे जण जिवंत परत आले. इंग्लंडमध्ये अशी गावं अगदी थोडी आहेत. खेडोपाडी चर्चपाशी मेलेल्यांच्या नावांचा दगड दिसतो, म्हणून इथे तो नसणं मनाला लागतं. सगळं मिळून सात किलोमीटर. इथले चालणारे सपाटीला तासाला पाच किलोमीटर आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जास्त असा हिशेब करतात. आपण तासाला तीन धरू आणि बसण्या-बघण्यासह चार तास हाताशी ठेवू.

फाटकं तीन तऱ्हेची. साधं फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, कारण पलीकडे गुरांचं पाणी असू शकतं. दुसरं 'किसिंग गेट', अर्धगोल कोंडाळ्यात झुलणारं. दार पुढे ढकलायचं, कोंडाळ्याच्या कोपऱ्यात सरकायचं, दार आपल्या अंगावरून मागे येऊ द्यायचं आणि मोकळ्या झालेल्या फटीतून बाहेर पडायचं. एका वेळी एकानेच. पाठीवर फुगलेली पिशवी असेल तर माणूस मध्येच अडकतो, म्हणून पिशवी आधी हातात घ्या. तिसरं 'स्टाइल', म्हणजे कुंपण ओलांडायची लाकडी पायरी, आपल्याकडच्या कुंपणातल्या बेड्याची चुलतबहीण म्हणा. फळी ओली असेल तर शेवाळाने निसरडी होते. बुटाची टाच नव्हे, मधला भाग फळीवर टेकवायचा, खांब घट्ट धरायचा आणि पलीकडे उतरताना शिडीवरून उतरतो तसं पाठमोरं उतरायचं. शेतांच्या भिंती आपल्या गडग्यासारख्या, चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या. त्यांवर टेकू नका, चढूही नका. वरचा एक दगड सुटला की खालच्या ओळी सुटत जातात.

गाई दिसल्या तर आईला जवळ जावंसं वाटेल. नको. मे-जूनमध्ये वासरं लहान असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, वाट सुटली तरी चालेल. तरणी गुरं कुतूहलाने मागे येतात. पळायचं नाही, हळू चालत फाटक गाठायचं. दुधाळ जातीचा दहा महिन्यांवरचा वळू वाटेच्या शेतात ठेवायला बंदी आहे, पण इतर जातीचा वळू गाईंबरोबर असू शकतो. पांढरी पट्टी किंवा प्लास्टिकच्या कड्यांतून ओवलेली तार दिसली तर हात लावू नका. तिच्यात वीज असते.

बांधाकडेला नेटल नावाची झाडं गुडघ्यापर्यंत माजतात. समोरासमोर जोडीने येणारी करवती पानं, तुळशीपेक्षा मोठी, अंगभर बारीक केस. लागलं की खाजकुयलीसारखी आग होते. चोळायचं नाही, गार पाणी ओतायचं. पातळ सुती सलवारीतूनही ते टोचतं, म्हणून आईने जाड पँट आणावी. ओढणी नको. काटेरी तारेत आणि फाटकाच्या कडीत तीच आधी अडकते. बाबांनी जीन्स आणू नये. भिजली की दिवसभर वाळत नाही. लांब गवतातून आल्यावर घोटे आणि गुडघ्यामागची बाजू तपासायची. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. तेल-बिल लावायचं नाही.

तूप, पेढे, खव्याचं काही बरोबर आणू नका. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. धपाटी आणि लसणीची चटणी इथेच करून नेऊ. खेड्यांतल्या पबांतलं जेवण दुपारी अडीचच्या सुमारास बहुधा बंद होतं, म्हणून स्वतःचा डबा लागतोच.

आता एक काम. इथली माती चिकट आहे आणि फाटकांपाशी गुरांनी तुडवून तिचा राबडा केलेला असतो, तेव्हा घोट्यापर्यंतचे, पाणी आत न येणारे बूट लागतील. ते मी आधीच आणून ठेवतो. जाड मोजे घालून, संध्याकाळी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, दोघांनी कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाहेरची रेघ काढा. पेन्सिल अगदी उभी धरा, तिरकी झाली की माप चुकतं. कागदाचा फोटो नको, फोटोत माप बदलतं. कागदच पोस्टाने पाठवा. आणि आईला सांगा, देवळाची पाखाडी रोज एकदा चढ-उतार कर, उतरताना सावकाश.

तुमचा,
मंदार