खोक्यावर लिनक्स, आत दुसरंच : कार्ड रीडरबद्दल तक्रार

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
१२ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : लिनक्सवर न चालणारा मेमरी कार्ड रीडर, नाकारलेली वॉरंटी आणि कार्ड फॉरमॅट करण्याचा सल्ला

महोदय,

वेंगुर्ल्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यांवर घर चालतं, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावताराचं चित्रीकरण. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटे संपतो. एका रात्रीत ६४ जीबीची दोन कार्डं भरतात आणि दुसऱ्या दिवशी तीच कार्डं रिकामी करून पुढच्या गावाला न्यायची असतात. म्हणून या दिवसांत कार्ड रीडर ही माझ्यासाठी कॅमेऱ्याच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू.

तुमच्या कंपनीचा एक रीडर माझ्याकडे २०२१ पासून आहे. एकदाही कुरकुर नाही. हंगामात एक कमी पडतो म्हणून २ डिसेंबरला त्याच मॉडेलचा दुसरा ऑनलाइन मागवला, ६४९ रुपयांना. तोच मॉडेल क्रमांक, तेच खोकं, पाठीवर तीच तीन नावं छापलेली : विंडोज, मॅक, लिनक्स. मी खरेदी केली ती तिसऱ्या नावावर. स्टुडिओतला कॉम्प्युटर जुना आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, ११ त्यावर बसत नाही, आणि धडधाकट मशीन भंगारवाल्याला द्यायचं माझ्या जिवावर आलं. भाच्याने दिवाळीत येऊन लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली) घालून दिलं. तेव्हापासून सगळं काम त्यावरच चालतं, तुमच्या जुन्या रीडरसकट.

नवा रीडर ८ डिसेंबरला आला. लावला, निळा दिवा लागला, आणि पुढे काही नाही. फाइल मॅनेजरमध्ये कार्ड नाही, डिस्कच्या यादीत नाही. पुढचं पोर्ट, मागचं पोर्ट, दुसरं कार्ड, छोटं कार्ड थेट त्याच्या खाचेत, मग सोबत आलेल्या अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या खाचेत, सगळं करून झालं. तीच कार्डं, तोच अडॅप्टर, तेच पोर्ट, फक्त रीडर जुना लावला की दोन सेकंदांत फोल्डर उघडतो.

भाच्याला फोन केला. त्याने टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' ही कमांड चालवायला सांगितली, कुठलं उपकरण कुठल्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चाललंय ते दाखवणारी. जुन्या रीडरपुढे येतं : क्लास मास स्टोरेज, ड्रायव्हर यूएसबी-स्टोरेज. नव्यापुढे येतं : क्लास व्हेंडर स्पेसिफिक, आणि ड्रायव्हरच्या जागी कोरं. दोघांचे ओळख क्रमांकही वेगळे. म्हणजे खोकं तेच ठेवून आतली चिप तुम्ही बदललीत.

आपल्या तांत्रिक विभागाला हे मी सांगायला नको, पण ग्राहक सेवेतल्या कुणाला ते ठाऊक दिसलं नाही, म्हणून लिहितो. दशावतारात पात्र येतं, बाकावर बसतं आणि आपण कोण ते आधी सांगतं. यूएसबीला लावलेली वस्तूही तेच करते. 'मी मास स्टोरेज' असं तिने म्हटलं की विंडोज, मॅक, लिनक्स तिघांकडेही तिच्यासाठीचा ड्रायव्हर आधीच असतो, वेगळं काही घालावं लागत नाही. 'मी व्हेंडर स्पेसिफिक' म्हटलं की अर्थ एवढाच, की माझी भाषा माझ्या कंपनीलाच येते, दुभाष्या तिच्याकडून घ्या. असे दुभाषे लिनक्सकडे अजिबात नसतात असंही नाही. रिअलटेक या चिप कंपनीच्या अशा काही कार्ड रीडर चिपांसाठीचा ड्रायव्हर २०१४ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. तुमच्या या चिपसाठी नाही, आणि तुमच्या वेबसाइटवर आहे तो फक्त विंडोजचा. मग लिनक्स हे नाव खोक्यावर कशासाठी?

१० डिसेंबरला हेल्पलाइनला फोन केला. पहिल्या मुलाने विचारलं, "लिनक्स म्हणजे कुठल्या कंपनीचा लॅपटॉप, सर?" हे मी मनावर घेतलं नाही. नवीन असेल बिचारा. त्याने दुसऱ्याकडे दिलं. दुसऱ्याचं म्हणणं, ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइल मांडायची एक पद्धत) असतं आणि लिनक्सला एक्सफॅट चालत नाही. ही फार जुनी गोष्ट झाली. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील ऑगस्ट २०१९ मध्ये खुला केला आणि २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याची नीट सोय आहे. शिवाय तेच कार्ड तुमचाच जुना रीडर याच कॉम्प्युटरवर वाचतोय, हे मी तीनदा सांगितलं. मग त्याने अडॅप्टरची पांढरी खिट्टी वर-खाली करायला लावली. त्या खिट्टीला एकही तार जोडलेली नसते. ती नुसती सरकते, आणि फार तर कार्डावर लिहिणं अडतं, वाचणं नाही. तरीही सरकवली.

यानंतर त्याने पिन कोड विचारला, आणि संभाषणाचा सूरच बदलला. "सर, कोस्टल एरिया आहे. मॉइश्चरमुळे पिनला गंज येतो. ते वॉरंटीत बसत नाही." वस्तू न पाहता, फोटो न मागवता! रीडर येऊन दोन दिवस झाले होते. पिना अशा पिवळ्याधमक, की कालच मुलामा दिलाय.

महोदय, खाऱ्या हवेबद्दल आम्हाला शिकवू नका. ती खिडकीच्या गजांना, सायकलच्या चेनला, फ्रीजच्या मागच्या जाळीला काय करते ते आम्ही लहानपणापासून बघतो. म्हणून तर माझी सगळी कार्डं, बॅटऱ्या आणि रीडर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात, आत सिलिका जेलच्या पुड्या. तुमचा जुना रीडर चार पावसाळे त्याच डब्यात राहिलाय आणि आजही चालतोय. गंज धरायचा तर त्याने आधी धरायला हवा होता. आणि गंजलेला रीडर कॉम्प्युटरला स्वतःचं नाव-गाव इतकं व्यवस्थित सांगत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला वॉरंटीच नाही असं तुमचं धोरण असेल, तर तेही खोक्यावर छापा. मुंबईही समुद्रावरच आहे.

मी हटत नाही म्हटल्यावर त्याने कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. आंबोली घाट चढून कोल्हापूर, एसटीचं जाणं-येणं, एक दिवस स्टुडिओ बंद, हे सगळं ६४९ रुपयांच्या वस्तूसाठी. मी नाही म्हटलं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर पाच पायऱ्यांचा एक संदेश आला. माझी खरी तक्रार या संदेशाबद्दल आहे.

१३ डिसेंबरला मी जुना रीडर आणि लॅपटॉप घेऊन एका गावी जत्रेला गेलो होतो. स्टुडिओत कामाला असलेला मुलगा एकटा होता. त्याच्याकडे आदल्या रात्रीचं कार्ड होतं. त्यावर एका जुन्या कलाकाराने रंगवलेला संकासुर, दशावतारातला वेद चोरणारा असुर, होता. यंदा रंग लावायचा तो शेवटचा, असं त्यांनी मंडळींना सांगून ठेवलेलं. त्या रात्री त्यांनी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, नेहमीपेक्षा किती तरी लांबवला, भटजीला असं काही छळलं की पेटीवाला हसून सूर चुकला. हे संवाद कुठे लिहिलेले नसतात. त्या-त्या रात्री सुचतात. दुसरी प्रत नव्हती. एकच प्रत असलेलं कार्ड मागे ठेवून गेलो ही चूक माझी, कबूल.

मुलाने तुमचा संदेश प्रमाण मानला. रीडर आणि कार्ड घेऊन शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला, कारण तिथे विंडोज आहे. तुमच्या लिंकवरून ड्रायव्हर घातला आणि कार्ड उघडलं! सगळ्या फाइल समोर. म्हणजे रीडर बिघडलेला नाही, तो फक्त विंडोजवर चालतो, हे तुमच्याच तिसऱ्या पायरीने सिद्ध झालं. चौथी पायरी होती : कार्ड फॉरमॅट करा. आधी फाइल दुसरीकडे घ्या, असा एक शब्दही त्यात नाही. त्याने उजवं बटण दाबून यादी उघडली, फॉरमॅटवर क्लिक केलं, चौकट आली. झेरॉक्सवाले काका मागे उभे होते. ते म्हणाले, "रे बाबा, ह्या पुसलंस तर ती रात खंयसून आणतलंस?" मुलाने माऊसवरचा हात काढला आणि मला फोन लावला.

काकांना कर्नेल माहीत नाही, क्लास माहीत नाही. तुमच्या प्रशिक्षित माणसाला जे विचारावंसं वाटलं नाही, ते त्यांनी विचारलं. कॉम्प्युटर रीडरपर्यंतच पोचत नसेल तर कार्ड पुसून काय होणार? दाराची कडी निघत नाही म्हणून आतलं सामान जाळायचं, त्यातली गत.

यानंतर मी तीन ईमेल पाठवले. तिन्हींना 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हेच उत्तर आलं. दोन्ही रीडरचे स्क्रीनशॉट, बिल, खोक्याच्या पाठीचा फोटो आणि तो व्हॉट्सअॅप संदेश या पत्रासोबत पुन्हा जोडत आहे.

मला बदली रीडर नको, कारण त्यातही हीच चिप असणार. ६४९ रुपये परत हवेत, आणि रीडर तुमच्या खर्चाने इथून न्यावा. नवी चिप असलेल्या खोक्यांवरून लिनक्स हे नाव काढा, नाहीतर तिचा लिनक्स ड्रायव्हर द्या. मॉडेल क्रमांकही बदला, म्हणजे जुन्या भरवशावर कुणी फसणार नाही. आणि तो पाच पायऱ्यांचा संदेश आजच्या आज बंद करा. पैसे दोन दिवस उशिरा आले तरी चालतील, हे मात्र आज व्हायला हवं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तिथेही निभावलं नाही तर सिंधुदुर्गनगरीला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे मला आंबोली चढावी लागणार नाही, तुम्हाला उतरावी लागेल.

रीडर त्याच स्टीलच्या डब्यात ठेवला आहे, पिना तुम्हाला पिवळ्याच मिळतील. कुरियरवाल्याला दुपारी एक ते चार पाठवू नका, स्टुडिओ बंद असतो. जत्रांमुळे सकाळीही मी दहाच्या आत उठलेला नसतो.

आपला,
एक ग्राहक, फोटो स्टुडिओ, वेंगुर्ले