जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थही बांधील हवा

महोदय,

दापोली-गुहागरपासून देवगड-मालवणपर्यंत रस्त्याच्या कडेला ‘समुद्रदर्शन प्लॉट’चे फलक दिसतात. त्या जमिनी विकून देणाऱ्या मध्यस्थांच्या जबाबदारीविषयी हे पत्र आहे.

आमच्या वाडीलगतची एक कलमांची बाग अशीच विकली गेली. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनचे सहहिस्सेदार, त्यांतले बरेचसे मुंबईला, आणि जमिनीची प्रत पाहून करायचे सरस-निरस वाटप कधी झालेलेच नाही. तरीही मध्यस्थाने एकाच हिस्सेदाराच्या कुलमुखत्यारपत्रावर विसार घेतला आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत चुना टाकून हद्द आखून दिली. सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण वाटपाआधी ठरावीक तुकडा आपला म्हणून दाखवता येत नाही, हे रोज सातबारे हाताळणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. आज खरेदीदार दिवाणी दावा लढतो आहे, चुलतभावांचे बोलणे बंद झाले आहे, आणि दलाली मात्र केव्हाच वसूल झाली आहे.

कायदा अगदीच नाही असे नाही. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर प्रकल्पाची महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. अशा प्रकल्पातील प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे, बिगरनोंदणी प्रकल्पाची विक्री त्याला निषिद्ध आहे आणि ग्राहकाला हक्काची कागदपत्रे मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. परंतु बाग किंवा वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे तशी विकली, की हा कायदा लागू होत नाही, आणि कोकणात फसगत होते ती बहुधा तिथेच. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगी लागते, आणि विरळ वस्तीच्या किनारी गावांत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नियमांप्रमाणे भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र असते. या दोन्ही गोष्टी ग्राहकाला बहुतेक वेळा विसार दिल्यानंतर कळतात.

म्हणून नोंदणी व मुद्रांक विभागाने साठेखतात आणि खरेदीखतात मध्यस्थाचे नाव लिहिणे बंधनकारक करावे, आणि सहहिस्सेदारांची संमती, सीआरझेडची स्थिती व खरेदीदाराची पात्रता आपण तपासली आहे, असे त्याचे सहीनिशी निवेदन दस्तास जोडून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी